चाळीसगाव जंक्शनचा धूर

खानदेशचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याची लेखणी प्रथम पाटणादेवीच्या डोंगराकडे वळते, आणि ते योग्यच आहे. चाळीसगावपासून काही कोसांवरच्या त्या स्थळी भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचे तेथील शिलालेख सांगतो. काळ इसवी सन १२०७. पाषाणावर कोरलेला इतिहास वाचणे त्या मानाने सोपे. आम्ही येथे ज्या इतिहासाचा मागोवा घेऊ इच्छितो तो कोणी कोरून ठेवलेला नाही. तो चाळीसगावच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या इंजिनांतून, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि पुढे भुसावळजवळच्या दीपनगरच्या उंच चिमण्यांतून हवेत गेला. हवेत गेला म्हणजे नाहीसा झाला असे मात्र नव्हे. दगडी कोळसा जळून निघालेल्या कर्बवायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, बराचसा अंश शतकानुशतके वातावरणात टिकून राहतो. दीडशे वर्षांपूर्वी सातमाळ्याच्या पायथ्याशी जो कोळसा जळला त्याचाही हिशेब आजच्या उष्म्यात धरावा लागतो.

प्रश्न असा आहे : देशाची भरभराट होऊ लागली की त्याचा हा अदृश्य धूर वाढतो काय, आणि वाऱ्यापासून व उन्हापासून वीज निर्माण केली की तो कमी होतो काय? अर्थशास्त्रज्ञ याचे उत्तर अनेक देशांची कोष्टके मांडून देतात. त्या कोष्टकांचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु एकाच जंक्शनाभोवतालच्या दोन जिल्ह्यांत, जळगाव आणि धुळे येथे, हे उत्तर माणसांच्या व जमिनींच्या रूपाने वाचता येते, आणि ते कोष्टकांइतके निर्विकार नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. खानदेशात रूळ पोहोचले ते १८६० च्या दशकाच्या आरंभी, आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाची चढण खुली झाल्यावर खानदेश मुंबई बंदराशी सलगपणे जोडला गेला. अमेरिकेत त्यावेळी यादवी युद्ध सुरू होते, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि खानदेशच्या काळ्या मातीतील कापसाला सोन्याचा भाव आला होता. या कापसाच्या गाठी ओढणारी इंजिने सुरुवातीच्या काळात मुख्यत: इंग्लंड-वेल्सहून जहाजाने आलेल्या कोळशावर चालत. बंगालच्या खाणींपेक्षा समुद्रापलीकडच्या खाणी मुंबईस जवळच्या होत्या. वऱ्हाडाच्या पलीकडे, वर्धेच्या खोऱ्यातील वरोऱ्याचा कोळसा निघू लागला तो १८७० नंतर. खानदेशच्या रानात इंग्रजी कोळसा जळत होता ही गोष्ट आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल, पण पुढे या कोळशाच्या मायदेशाकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

याच १८६५ साली इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तिशीतील अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निरीक्षण त्या काळच्या शहाण्या लोकांना उलटे वाटले. वाफेची यंत्रे जसजशी काटकसरी होतात, कमी कोळशात अधिक काम करतात, तसतसा देशाचा एकूण कोळसा कमी न लागता जास्तच लागतो, असे त्याने दाखवून दिले. कारण काम स्वस्त झाले की ते अधिक ठिकाणी, अधिक वेळ केले जाते. खानदेशात नेमके तेच झाले. रेल्वेमागोमाग जिनिंगचे कारखाने आले. १८७० च्या दशकात जळगावास कापडाची गिरणी निघाली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरास प्रताप मिल उभी राहिली, धुळ्यास व चाळीसगावासही भोंगे वाजू लागले. १९०० साली चाळीसगावाहून धुळ्याला फाटा निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झाले. जंक्शन झाल्याने गावाची जी वाढ झाली ती कोळशावर झाली. त्याआधीचा खानदेश बैलावर, शेणीवर आणि जळाऊ लाकडावर जगत होता, पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेत होता. या साऱ्याला आजच्या भाषेत अक्षय ऊर्जा म्हणता येईल. परंतु त्या काळाची आठवण फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दुष्काळात धान्य येण्याची वाट त्या खानदेशला नव्हती, आणि कोळशाने ती दिली.

रूळावरून गेलेला कापूस मुंबईस पोहोचे, म्हणून आपणही तिकडे क्षणभर जाऊ. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर महाराष्ट्राला तेथेच मिळाले, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. मुंबईच्या गिरण्यांच्या धुराने शहर काळवंडले होते. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून वीज करण्याची योजना निघाली. १९११ साली लोणावळ्यास पायाभरणी झाली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. पावसापासून झालेल्या या विजेने गिरण्यांच्या कोळशाची जागा घेतली. म्हणजे अक्षय ऊर्जा आली आणि धूर घटला, याचे आपल्याकडील हे पहिले मोठे उदाहरण होय.

परंतु या उदाहरणाला दोन शेपट्या आहेत. एक म्हणजे मुळशी. धरणाखाली जाणाऱ्या मावळातील भातखाचरांसाठी १९२१ पासून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो हरला आणि गावे बुडाली. मुंबईची हवा निवळली त्याची किंमत मुंबईने दिली नाही, मावळ्यांनी दिली. दुसरी शेपटी इतिहासग्रंथांत फारशी आढळत नाही. शहर वाढत राहिले, मागणी वाढत राहिली, सह्याद्रीच्या तलावांची धाव मात्र ठरलेली होती. १९५६ साली ट्रॉम्बे येथे इंधन जाळणारे औष्णिक केंद्र उभारणे टाटांना भाग पडले. चाळीस वर्षे मुख्यत: पाण्यावर चाललेले शहर पुन्हा धुराकडे वळले, ते पाण्याची वीज अपयशी ठरली म्हणून नव्हे, तर वाढ तिच्यापुढे धावली म्हणून. पुढे खानदेशात जे घडले त्याची किल्ली आम्हांस येथे दिसते.

आता चाळीसगावला परत येऊ. इगतपुरी ते भुसावळ हा लोहमार्ग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेवर चालू लागला. गावातल्या वडीलधाऱ्यांना तो बदल आठवत असेल : खिडकीतून डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी गेली, दोरीवर वाळत घातलेली धोतरे पांढरी राहू लागली. धूर गेला असे सर्वांस वाटले. त्याच सुमारास, १९६८ साली, भुसावळनजीक दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला, साडेबासष्ट मेगावॅटचा संच सुरू झाला. १९७९ व १९८२ साली दोनशे दहा मेगावॅटचे दोन संच त्यात आले. इंजिनात जळणारा कोळसा आता वीजकेंद्रात जळू लागला. न्यायाने सांगावयाचे तर हा केवळ स्थलांतराचा खेळ नव्हता. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा दहावा भागही चाकापर्यंत पोहोचवीत नसे, वीजकेंद्र मात्र तिचा तिसरा हिस्सा तरी कामी आणते. एका टन मालामागे कोळसा खरोखरच घटला. पण माल किती पटींनी वाढला! आज चाळीसगावच्या फलाटावर उभे राहिल्यास नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे कोळसा घेऊन जाणाऱ्या वाघिणींची लांबच लांब रांग विजेच्या इंजिनामागून जाताना दिसते. धूर कोठेही दिसत नाही. जेव्हन्सला हे दृश्य पाहून मुळीच आश्चर्य वाटले नसते. (धुळ्याच्या फाट्याला मात्र फार वाट पाहावी लागली, तेथे वाफेनंतर डिझेल आले, आणि विजेवरची गाडी धावू लागली ती २०२१ च्या अखेरीस. जंक्शनाच्या गावातही फाट्याचा प्रवासी शेवटीच असतो.)

ही वाढ मोजण्याची एक सोपी रीत योईची काया या जपानी अभ्यासकाने १९९० च्या सुमारास मांडली. देशाचा एकूण कर्बवायू हा चार गोष्टींचा गुणाकार असतो : माणसे किती, दर माणसामागे उत्पन्न किती, तेवढे उत्पन्न काढण्यास ऊर्जा किती, आणि त्या ऊर्जेतील कर्ब किती. वारा आणि ऊन यांचा परिणाम केवळ चौथ्या संख्येवर होतो. पहिल्या दोन वाढत राहिल्या तर चौथी बरीच घटूनही गुणाकार वाढतोच. भारताचे तसेच झाले. १९९० ते २०२२ या काळात आपली अर्थव्यवस्था, महागाई वगळून, सहापटींहून अधिक वाढली. कर्बवायू सुमारे पाचपट झाला. उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे धूर घटला, एकूण धूर मात्र वाढला. सरकार जेव्हा सांगते की २००५ ते २०२० या काळात उत्पन्नाच्या मानाने उत्सर्जन ३६ टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा ते खरेच सांगते. आणि वातावरण तापतच आहे असे शास्त्रज्ञ सांगतात, तेही खरेच. वातावरणाला टक्केवारी कळत नाही, टन कळतात.

यावर कोणी म्हणेल की भारतीय माणसाच्या वाट्याचा कर्बवायू वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक, अमेरिकन माणसाचा चौदा टनांच्या घरात; मग दोष आमच्या माथी का? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. दोन टनांच्या या सरासरीत मलबार हिलचा रहिवासी आणि साक्रीच्या डोंगरातला कोकणी शेतकरी एकत्र मोजलेले आहेत, एवढेच आम्ही त्यास जोडू.

साक्रीचे नाव आले ते अकारण नव्हे. धुळे जिल्ह्याच्या त्या पश्चिमेकडील तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर, या शतकाच्या पहिल्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि अल्पावधीत तो देशातील मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांपैकी एक झाला. त्यावेळी यंत्रसामग्रीची ऐंशी टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून प्राप्तिकर वाचविण्याची सवलत होती. त्यामुळे ज्यांनी साक्री कधी पाहिली नाही अशा अनेक धनिकांच्या मालकीचे पाते तेथे फिरू लागले. शिवाय क्योटो कराराखालील व्यवस्था २००५ पासून अमलात आली होती : येथे वाऱ्याची वीज झाल्याने जेवढा कर्बवायू टळला असे ठरेल तेवढ्याची प्रमाणपत्रे युरोपातील कारखानदाराने विकत घ्यावीत आणि त्या जोरावर आपला धूर चालू ठेवावा. धुळे जिल्ह्यातील काही पवनप्रकल्पांची अशी नोंद झाली. २०१२ च्या अखेरीस या प्रमाणपत्रांचा भाव टनामागे एका युरोच्याही खाली कोसळला आणि बाजार जवळपास उठून गेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अशा खरेदी-विक्रीने नव्या सट्ट्याला वाव मिळतो आणि एकूण उत्सर्जन घटण्यास ती उपयोगी पडत नाही, असा इशारा दिला होता. साक्रीचा अनुभव त्यापूर्वीच तसा येऊन गेला होता.

त्या पठारावर एक दुसरा प्रश्न होता. पवनचक्क्यांसाठी वनखात्याची जी जमीन देण्यात आली तिच्यातील काही भाग भिल्ल व कोकणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली होती. २००६ चा वनहक्क कायदा याच लोकांसाठी झाला. त्यांचे दावे कचेऱ्यांतून रखडले असता चक्क्यांचे पाये मात्र घातले गेले, आणि त्यावरून तेथे मोठी आंदोलने झाली. डोक्यावर वीज तयार होते आणि खाली पाड्यावर अंधार, हे दृश्य त्या काळी साक्रीला गेलेल्या अनेकांनी पाहिले आहे.

मग ऊन आले. साक्री तालुक्यातीलच शिवाजीनगर येथे, जर्मनीच्या विकास बँकेच्या कर्जसाहाय्याने, राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. मार्च २०१३ मध्ये तो सुरू झाला. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकली. त्याच काळात, २०१२ ते २०१४ च्या दरम्यान, सुमारे दीडशे किलोमीटरांवरील दीपनगर येथे पाचशे मेगावॅटचे कोळशाचे दोन नवे संच सुरू झाले. त्यांचे छायाचित्र कोणाच्या स्मरणात असल्यास आम्हांस नवल वाटेल. ढोबळ हिशेब करून पाहू. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगांत मंदावतो. वर्षभराचा विचार करता तो आपल्या क्षमतेच्या पाचव्या भागाइतकी वीज देतो. कोळशाचा संच नीट चालला तर दोन-तृतीयांश वा थोडी अधिक. म्हणजे शिवाजीनगरच्या एका युनिटमागे दीपनगरच्या नव्या संचांची पंचवीसच्या वर युनिटे. कोळशाच्या एका युनिटामागे जवळपास एक किलो कर्बवायू निघतो. तेव्हा साक्रीच्या उन्हाने वर्षाला दोनेक लाख टन टाळले, आणि दीपनगरच्या नव्या संचांनी साठ लाख टनांच्या आसपास भर घातली. खानदेशात त्या दोन वर्षांत अक्षय ऊर्जा वाढली हे सत्य आहे, धूर त्याहून पुष्कळ वाढला हेही सत्य आहे.

देशाच्या आकड्यांकडे पाहतानाही हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांखेरीजच्या साधनांची झाली. पॅरिस कराराखाली हे उद्दिष्ट २०३० साठी होते, म्हणजे पाच वर्षे आधीच ते गाठले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष विजेत या साधनांचा वाटा सुमारे चतुर्थांशच होता, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने एका आर्थिक वर्षात शंभर कोटी टनांची मजल प्रथमच गाठली. १९९० च्या आसपास हे उत्पादन एकवीस कोटी टनांच्या घरात होते. सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच सुरू होतात. वीज साठविण्याची मोठी सोय, बॅटऱ्यांची असो वा डोंगरावर पाणी चढवून ठेवण्याची असो, होईपर्यंत संध्याकाळ कोळशाच्याच हाती राहते.

येथवरचा हिशेब टनांचा आणि मेगावॅटचा झाला. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात विखरण नावाचे गाव आहे. जवळच दोंडाईचा येथे मोठे औष्णिक वीजकेंद्र उभारण्याचे ठरले होते आणि त्यासाठी परिसरातील शेतजमिनींचे संपादन सुरू झाले. पुढे औष्णिक केंद्राचा बेत मागे पडला व त्या जागी सौर प्रकल्प उभारावयाचे ठरले. कोळशाच्या जागी ऊन आले. परिषदांतून मांडावयास याहून चांगले उदाहरण कोणते! विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर बागायत या संपादनात गेली. तिचा मोबदला त्यांना चार लाख रुपयांच्या आसपास मिळाला. शेजारच्या काही जमिनींना मात्र कितीतरी पट अधिक मोबदला लाभला होता. आपल्या शेतात आंब्याची झाडे होती, विहीर होती, त्यांचे मोल धरले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षानुवर्षे ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मुंबईस मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली.

या घटनेचा दोष सौर ऊर्जेला देणे अन्यायाचे होईल. तेथे कोळशाचे केंद्र झाले असते तरी जमीन गेलीच असती, आणि वर राखही पडली असती. पण ऊन फुकट मिळते असे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. उन्हाला जागा लागते, कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी अधिक लागते, आणि ती जागा बहुधा कोरडवाहू, गरीब, कागदपत्रे अपुरी असलेल्या माणसाची असते. आमच्या चाळीसगाव तालुक्यातही, कन्नड घाटाच्या पायथ्याशी बोढरे व शिवापूर या शिवारांत सौर प्रकल्प आले, तेव्हा आपल्या जमिनी फसवणुकीने व कवडीमोलाने घेतल्या गेल्याची तक्रार तेथील शेतकऱ्यांनी केली आणि त्यासाठी दीर्घ काळ लढा दिला. मुळशीला शंभर वर्षे झाली. धूर घटविण्याची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न आपण तेव्हा सोडविला नाही, म्हणून तो पुन्हा दारात उभा राहिला असे आम्हांस वाटते.

आता त्या इंग्रजी कोळशाच्या मायदेशाकडे वळू. १८८२ साली लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट येथे सार्वजनिक वापरासाठी कोळशावरचे वीजकेंद्र निघाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील केंद्र बंद झाले आणि ब्रिटनमधील कोळशाच्या विजेचे युग संपले. १९९० नंतर त्या देशाची अर्थव्यवस्था पुष्कळ वाढली, कर्बवायू मात्र सुमारे निम्म्यावर आला. देश गरीब असताना धूर वाढतो, पुरेसा श्रीमंत झाला की आपोआप घटतो, असा एक सिद्धान्त १९९० च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांत फार प्रिय झाला होता. ब्रिटनकडे बोट दाखवून तो आजही सांगितला जातो. आम्हांस त्यात दोन त्रुटी दिसतात. गावातील डोळ्यांना झोंबणारा धूर आणि सांडपाणी यांविषयी तो बराचसा खरा आहे, कारण त्यांचा त्रास श्रीमंताच्याही दाराशी येतो. कर्बवायूला ना रंग ना वास, तो कोणाच्याच दाराशी येत नाही. दुसरे असे की ब्रिटनचे पोलाद, कापड आणि खेळणी आता इतरत्र तयार होतात आणि त्यांचा धूर तयार करणाऱ्याच्या खाती मांडला जातो. तरीही हे सारे वजा करून ब्रिटनची घट बरीचशी खरीच उरते. ती मात्र आपोआप झाली नाही : समुद्रातील पवनचक्क्या, कर्बावरील कर, वायूचा वापर आणि विजेच्या मागणीतील थांबलेली वाढ या चारींचा तो परिणाम आहे. यातील चौथी गोष्ट आपल्याकडे नाही, आणि इतक्यात असूही नये. ज्या घरात अजून एकच दिवा आहे त्या घराला मागणी थांबविण्याचा उपदेश कोणी करावा?

घट आणखी एका मार्गाने होते, तिचीही नोंद केली पाहिजे. चाळीसगावची कापडगिरणी पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिचा धूर थांबला. २०२० साली टाळेबंदीत साऱ्या देशाचा कर्बवायू घटला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा चढला. कामगार घरी बसल्याने जे साध्य होते त्याला प्रगती म्हणता येणार नाही.

वाढ आणि घट एकत्र नांदू शकतात असे दाखविणारी एक वाट खानदेशच्या शेतात दिसते. शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्री वीज मिळत आली. केळीला वा कापसाला पाणी द्यावयाचे तर हिवाळ्याच्या रात्री विंचूकाट्यात, बिबट्याच्या भीतीत शेतकऱ्याने बांधावर जागावे. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. यात गावाजवळच लहान सौर प्रकल्प उभारून केवळ शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यावयाची. ऊन असते तेव्हाच पंप चालतात, म्हणून साठविण्याची अडचण येत नाही. खाजगी जमीन विकत न घेता हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने घेतली जाते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. विखरणला असे झाले असते तर, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. अर्थात येथेही जेव्हन्सची सावली आहेच. ठिबकाने एकरी पाणी वाचले तेव्हा ते गिरणेत परतले नाही, शेजारच्या नव्या केळीबागेत गेले. दिवसा मिळणारी सवलतीची सौर वीज भूजलाचे काय करील, हे पाहावे लागेल.

जे पाहावे लागेल त्याची घाई का, हे चाळीसगावकरांस निराळे सांगावयास नको. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळ्यावर जो पाऊस कोसळला त्याने तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला, शहरात व खेड्यांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. एका पावसावरून हवामानाचा निवाडा देता येत नाही. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदम सोडते, हे भौतिकशास्त्र आहे. आणि कर्बवायूने हवा किती तापेल याचे गणित स्वान्ते अर्‍हेनियस याने १८९६ सालीच मांडले होते, चाळीसगाव जंक्शन होण्याच्या चार वर्षे आधी.

२०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत भारताच्या वीजक्षेत्रातील कर्बवायू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे एक टक्क्याने घटल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. उन्हाळा सौम्य गेला, पाऊस लवकर आला, म्हणून मागणी मंदावली, हे त्याचे एक कारण. नव्या सौर व पवन प्रकल्पांची वीज वाढीव मागणीस जवळजवळ पुरून उरली, हे दुसरे. यातील पहिले कारण दर वर्षी लाभणारे नाही. दुसरे टिकवावयाचे तर ऊन-वाऱ्याची वीज मागणीपेक्षा जलद, आणि वर्षानुवर्षे, वाढत राहावी लागेल. १९५६ साली मुंबईच्या तलावांना ते जमले नव्हते. इकडे दीपनगर येथे ६६० मेगावॅटच्या आणखी एका कोळशाच्या संचाची उभारणी झाली आहे. असे संच पंचवीस-तीस वर्षे चालविण्याच्या हिशेबाने बांधतात.